टॉपवॉटर फ्रॉग नेमका कधी टाकायचा? बास नाही, आपली मरळ

बोडीवाला
राम राम मंडळी. लाखांदूर साइडचा आहे, धानाची शेती, गावाला लागून मामा तलाव (जुना माजी मालगुजारी तलाव) अन् घरची एक बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं. लहानपणापासून गांडूळ लावून गरी टाकत आलो पण यंदा यूट्यूबवर अमेरिकेतले बासवाले (बास म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा) बघून बघून डोकं फिरलं आणि ऑनलाइन रॉड, रील, ब्रेडेड (विणलेली) लाइन, दोन पोकळ रबरी बेडूक, एक पॉपर अन् एक ते मागे शेपटी गरगर फिरणारं प्लॉपर असं सगळं मागवून बसलो.

आता अडचण अशी की तिकडचा प्रत्येक जण एकच सांगतो, टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या वरच तरंगत ओढायचं खोटं आमिष, टाकायचं तर पहाटे तांबडं फुटताना नाहीतर दिवस बुडताना, वारा नको, पाणी ६० डिग्रीच्या वर पाहिजे. आमच्याकडं पहाटे तलावाच्या पाळीवर एकटं जायचं म्हणजे घरी भांडण, कारण वाघ. मस्करी नाही करत, २०२२ मध्ये तो सीटी-१ वाघ वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी ह्या पट्ट्यात १३ माणसं मारून मग पकडला गेला, तेव्हापासून दिवस चांगला वर आल्याशिवाय तिकडं कोणी फिरकत नाही. म्हणजे मासे लागायची वेळ अन् वाघाची वेळ एकच!

तर दोन प्रश्न. दिवसा नऊ ते चारच्या मधे टॉपवॉटर चालतं का. आणि बासचे नियम मरळीला लागू होतात का, की हे सगळं तिकडचंच आहे. सध्या हस्त लागायच्या बेतात आहे, तलाव काठोकाठ, धान लोंबीवर, दिवसाआड ढग.

टेक्सासचा_पवनीकर
वा, लाखांदूर! आपलं गाव पवनी, शेजारीच की. इकडे बरीच वर्षं झाली, रविवारी बासच्या मागे असतो म्हणून अर्धं उत्तर मी देतो, मरळीचं तिथल्या लोकांनी द्यावं.

६० डिग्री म्हणजे फॅरेनहाइट, आपल्या हिशोबाने १५-१६ सेल्सियस. हा आकडा इथे महत्त्वाचा कारण इथे हिवाळ्यात पाणी बरंच गार पडतं, बास सुस्तावून खाली बसतो अन् वर येऊन खायला त्याच्यात दम नसतो, वसंतात पाणी तापलं की मग तो वर बघायला लागतो. तुमच्या तलावात हा प्रश्न वर्षातले फारच थोडे दिवस येत असेल. तो नियम सोडून द्या.

पहाट-संध्याकाळचं कारण वेगळं आहे. बास हा पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरून झडप घालणारा आहे. उजेड कमी असला की बारकी मासळी उथळ पाण्यात, वरच्या थरात निर्धास्त फिरते आणि बासला खालून तिची काळी आकृती आभाळाच्या उजेडात दिसते पण तिला तो दिसत नाही. कडक ऊन पडलं की हा फायदा जातो, मग तो खोल जातो नाहीतर सावलीत घुसतो. म्हणजे मुद्दा घड्याळाचा नसून उजेडाचा आहे. ढगाळ दिवशी, बारीक पाऊस असताना इथे दुपारी बारालाही लोक टॉपवॉटर टाकतात अन् मासे लागतात. कमळाच्या पानांखाली, झाडाच्या सावलीत तर भर उन्हातही.

तुमच्याकडच्या तीन लुअरचा (खोट्या आमिषांचा) वापर पण वेगवेगळा आहे. पॉपरचं तोंड खोलगट असतं, झटका दिला की डुबुक आवाज करून पाणी उडवतो, तो शांत पाण्यावर, उघड्या जागी, आणि एका जागी जास्त वेळ ठेवायचा असेल तेव्हा. प्लॉपर सरळ ओढत यायचं, थोडी लाट असली, पाणी गढूळ असलं तर त्याचा आवाज कामी येतो, भराभर जास्त पाणी धुंडाळता येतं. अन् पोकळ बेडूक म्हणजे गवत, शेवाळ, कमळ, जिथे बाकी काहीच ओढता येत नाही तिथे, कारण त्याचे दोन्ही हूक पाठीला चिकटून वर असतात, अडकत नाहीत. मामा तलाव डोळ्यासमोर आणला तर नव्वद टक्के काम बेडकाचंच असणार.

गरीवाले_काका
काय राजेहो, रबराचा बेंडूक! धानाच्या बांधीतला जिता बेंडूक धरा, पाठीत गरी टोचा, कमळात सोडा अन् तंबाखू मळत बसा. मरळ काय घड्याळ पाहून खाते का. आमच्या बापजाद्यानं कधी पॉपर-बिपर पाह्यला नाई अन् मरळ काई कमी नाई खाल्ली.

टेक्सासचा_पवनीकर
काका तुमचं खरं आहे, जिवंत आमिषाला तोड नाही. बासचा जागतिक विक्रम २२ पाउंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या वर, जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जियात धरला होता आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली ती जिवंत मासोळी लावूनच. पण ह्या भावाने हजारोंचं सामान घेऊन ठेवलंय, त्याला आता रबरी बेडकाचंच सांगा काहीतरी 😄

गरीवाले_काका
पाहा! जपानवाला बी आपल्याच बाजूनं निघाला.

मृगाची_सर
मरळीबद्दल मी लिहिते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि माहेर अर्जुनी मोरगावकडचं, त्यामुळे दोन्हीकडून हा मासा ओळखीचा.

बोडीवाला भाऊ, बास आणि मरळ ह्यांचं दूरचंही नातं नाही पण शिकार करायची तऱ्हा बरीच सारखी, दोघंही दबा धरणारे. एक मोठा फरक आहे आणि तोच तुमच्या कामाचा. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरते. म्हणून तर ती ओल्या पोत्यात तासन्‌तास जिवंत राहते आणि बाजारात जिवंत विकली जाते. याचा अर्थ असा की दिवसाच्या कुठल्याही वेळी, भर उन्हातसुद्धा, ती थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागाशी येतेच. बास खोल गेला तर गेला, मरळ उथळ, गवताळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातच सुखी असते. त्यामुळे तुमची नऊ ते चारची वेळ बासवाल्यासाठी वाईट असेल, तुमच्यासाठी तितकी नाही.

पाळीवर गेल्या गेल्या बेडूक फेकू नका. आधी सावलीत बसून नुसतं पाणी बघा. मरळ हवा घेते तेव्हा पाण्यावर एक गोल वळसा उठतो, कधी बारीक चुळूक असा आवाज, आणि मागे दोन-चार बुडबुडे. रोहू-कतला उडी मारतात ते वेगळं, त्यात पाणी फाकतं. हा वळसा एकदा ओळखू आला की कुठे फेकायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. वळसा उठला तिथे नाही फेकायचं, त्याच्या पलीकडे चार-पाच हात टाकून त्या जागेवरून आणायचं.

आणि एक विनंती. तलावात कुठे नारिंगी-लाल बारक्या पिल्लांचा गोळा पृष्ठभागावर सळसळताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात आणि ते भुकेपोटी नाही, राखण म्हणून हल्ला करतात. ते गेले की बाकीचे मासे तो गोळा साफ करतात.

नागपुरी_संत्री
ताई तुमचं पटलं पण खरं सांगतो, यूट्यूबवर आपल्या देशातले अर्धे मरळीचे व्हिडिओ त्या पिल्लांच्या गोळ्यावरच फ्रॉग टाकून केलेले असतात, थंबनेलला लाल गोळा अन् बाण!

गरीवाले_काका
आमच्याकडं तं पयलेपासून असंच धरत. मृगात पानी पडलं का मरळ बांधीत चढते, पिल्लं दिसले का तिथंच गरी. मरळ काई संपली नाई अजून.

वैनगंगा_काठ
काका, संपली नाही पण कमी झाली हे तुम्हीपण जाणता. मी आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं काम बघतो, तलाव आम्ही लीजवर घेतो, कतला, रोहू, मृगळचं बीज दरवर्षी पैसे देऊन सोडतो. मरळ कोणी सोडत नाही, ती जी आहे ती तलावाची आपली. पूर्वी एका जाळ्यात जेवढी यायची तेवढी आता महिन्यात दिसत नाही, अन् भाव मात्र सगळ्यात जास्त तिलाच. पलीकडे तेलंगणात तर ती राज्यमासा आहे, तिकडचे व्यापारी इकडून उचलून नेतात. म्हणून आर्द्रा ते पोळ्यापर्यंत पिल्लांवरची मरळ धरायची नाही असं आम्ही गावात ठरवलंय. बाहेरून रॉड घेऊन येणाऱ्याला ते माहीतच नसतं.

आणि भाऊ, गावचे असलात तरी तलाव लीजवर असेल तर संस्थेला विचारून घ्या. नाही म्हणत नाही कोणी, पण न विचारता आलं की आमचे मासेमारी करणारे ढिवर भाऊ चिडतात अन् त्यांचं बरोबरच आहे, रात्रभर जाळ्यापाशी जागणारा तो आहे. स्वतःच्या बोडीत काय करायचं ते करा. अभयारण्याच्या हद्दीत, नवेगाव-नागझिरा असो की दुसरं कुठलं, तिथे तर गळाचं नावही काढू नका.

टेक्सासचा_पवनीकर
पिल्लांच्या बाबतीत इथेही हाच वाद आहे बरं का. बासचा नरही घरटं राखतो, वसंतात त्या घरट्यावर लुअर टाकलं की भूक नसताना तोंडात घेतो, त्यामुळे उत्तरेकडच्या काही राज्यांत त्या काळात बास ठेवायला बंदी असते, धरला तर सोडायचा. फोरमवर दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ह्यावरून मारामाऱ्या होतात.

अजून एक गंमत, तुमच्या मरळीचा चिनी चुलतभाऊ इथे २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या तळ्यात सापडला तेव्हा एवढा हाहाकार झाला की सरकारने तळ्यात विष टाकून सगळे मासे मारले. दोन वर्षांत तो पोटोमॅक नदीत निघालाच. आता तिथले लोक बासचेच पोकळ बेडूक घेऊन त्याच्या मागे असतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या लोकांनीच देऊन ठेवलंय, लुअर तेच चालतं.

पूर्णाकाठ_अकोला
वेळेचं बोलून झालं असन तं हाताचं बोलू, कारण लोकांची मरळ वेळेनं नाई, घाईनं जाते.

पाणी फुटलं, धप्प आवाज झाला की माणूस दचकून रॉड ओढतो. बेडूक उडून येते तोंडावर अन् मरळ तिथंच. आवाजावर ओढायचंच नाई. तिनं बेडूक तोंडात घेऊन तोंड मिटून खाली वळायला पायजे, तेव्हा लाइन ताणते, हाताला वजन लागते, मंग जोरात. बास पाण्यासोबत आत ओढून घेतो म्हणतात, मरळ चावून धरते, तिचं तोंड हाडाचं अन् दात बारीक बारीक, त्याच्यामुळं हूक आत शिरायला दणका पायजे. लिबलिबीत रॉड असन तं काईच होत नाई, सात फुटी मीडियम हेवी तरी ठेवा. लाइन ब्रेडच, ३० ते ५० पाउंड. फ्लोरोकार्बनची लाइन टॉपवॉटरला लावू नका, ती बुडते, लुअरचं नाक खाली ओढते.

अन् नवीन बेडूक आला तसा वापरू नका. बोटानं दाबून पाहा, सहज चेपला पायजे अन् हूक बाहेर आले पायजेत. कडक असन तं गरम पाण्यात ठेवून मऊ करा. पकडीनं दोन्ही हूक जरासे, अगदी जरासे, वर-बाहेर वाकवा. मागची झालर लांब असते ती एक बाजूनं थोडी कापा, मंग तो ओढला की डावीकडं-उजवीकडं मान टाकत चालते. दर चार-पाच फेकीनं पिळून आतलं पाणी काढा नाईतं तो बुडतो.

नागपुरी_संत्री
कलर कोणता? माझ्याकडे पोपटी, पांढरा, काळा आणि एक तो झेब्रासारखा आहे, दुकानदार म्हणे झेब्रा जातो.

पूर्णाकाठ_अकोला
दुकानदाराचा झेब्रा गेला ना, झालं त्याचं काम. मासा खालून पाहते, तिला पोट दिसते, पाठ तुमच्यासाठी रंगवलेली असते. उन्हात पांढऱ्या नाईतं पिवळ्या पोटाचा, ढगात, गढूळ पाण्यात अन् सांजेला काळा, कारण आभाळावर काळा ठसठशीत दिसते. बाकी रंग डब्यात शोभेला.

टेक्सासचा_पवनीकर
+१. इथे रात्रीच्या बास फिशिंगला काळंच चालतं.

बोडीवाला
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. संस्थेत जाऊन विचारलं, अध्यक्ष म्हणे रविवारी ये अन् जाळ्याच्या बाजूला जाऊ नको एवढंच.

ढग होते, वारा जवळपास नाही, अधूनमधून चार थेंब. दहाच्या पुढं गेलो, लहान भाऊ सोबत, तो पाळीवर उभा राहून मागचं झुडूप बघत होता अन् मी पुढचं पाणी. ताई तुम्ही सांगितलं तसं आधी बसून राहिलो. सांडव्याच्या अलीकडे बेशरमाच्या झुडपांची रांग पाण्यात उतरलीय, तिच्या पुढे कमळ, अन् कमळात मधेच परातीएवढी मोकळी जागा. तिथे वळसा उठला. आवाज नाही, नुसतं पाणी फिरलं अन् शेजारचं पान हललं. काळा बेडूक पलीकडच्या पानावर टाकला, पानावरच राहू दिला थोडा, मग हळूच ओढून पाण्यात घसरवला अन् थांबलो. मोकळ्या जागेत तो नुसता उभा होता, काहीच केलं नाही मी, एकदा टोक हलवलं एवढंच, त्याचे पाय थरथरले अन् खालून पानासकट पाणी वर आलं. अकोलेकर भाऊ, तुमचं आठवून हात आवरला, लाइन बाजूला सरकताना दिसली मग ओढलं. कमळाच्या देठांचा गठ्ठा अन् मासा दोन्ही एकत्रच काठाला आले, देठ सोडवता सोडवता आतून मरळ निघाली, किलोच्या थोडी आतबाहेर. ऊन पडल्यावर दुपारी आणखी दोन झडपा आल्या, दोन्ही कमळाच्या पानाखालून, लागलं एकही नाही. पॉपर उघड्या पाण्यात टाकून पाहिला, त्याला काही म्हणजे काही नाही.

गरीवाले_काका
आलनी केली का फ्राय?

बोडीवाला
आलनीच काका, घरच्या हळदीची. अर्धी संस्थेच्या अध्यक्षाकडे पोचती केली.

मृगाची_सर
छान! तुम्ही थांबलात तेच महत्त्वाचं. शांत पाण्यात बहुतेक लोक बेडूक फार पळवतात. खरा बेडूक पाण्यात दोन झटके मारतो आणि पाय पसरून तरंगत राहतो.

पॉपरला काही न मिळणं साहजिक आहे, उघड्या पाण्यावर भर दिवसा मरळ का येईल. पण तलाव जसा उतरायला लागेल तसं चित्र बदलेल. दिवाळीच्या आसपास शेवटच्या पाण्यासाठी तलाव सोडतात, बांध्या आटतात आणि धानात गेलेली मरळ पाटांतून, चिखलातून परत तलावाकडे सरकते. पाट तलावाला मिळतो ते तोंड त्या दिवसांत बघा, तिथे कमळ नसतं, तुमचा पॉपर तिथे चालेल.

नागपुरी_संत्री
आणि थंडीत? डिसेंबरमध्ये आमचा ग्रुप उमरेडकडे जायचा विचार करतोय, पहाटे पाचला निघू म्हणतो.

पूर्णाकाठ_अकोला
थंडीत पहाटे पाचला कायले जाता बावा, झोपा. बासवाल्याचा पहाटेचा नियम इथं उलटा होते. रातभर पाणी गार पडते, सकाळी उथळात मरळ दगडासारखी पडून राह्यते, हवा घ्यायला बी आळसानं येते. दहा-अकरानंतर ऊन चढलं, काठचं काळ्या मातीचं उथळ पाणी कोमट झालं की तिथं येते उन्हाला. अकरा ते तीन. उन्हाची बाजू, वाऱ्याची आड. अन् बेडूक निम्म्या वेगानं.

टेक्सासचा_पवनीकर
इथेही हिवाळा संपताना हेच, सगळ्यात चांगली वेळ दुपारची. मात्र उन्हाळ्यात टेक्सासला ४० च्या वर पारा गेला की पहाटेचा तासभर अन् रात्र, मधे काही नाही. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ ला मरळ दिवसा काय करते ही उत्सुकता आहे.

वैनगंगा_काठ
मे महिन्यात अर्ध्या बोड्या कोरड्या, तलावात जे पाणी उरतं ते गुडघ्या-मांडीएवढं अन् गरम. मासे सगळे तेवढ्यात गोळा. मरळ हवा घ्यायला सारखी वर, वळसेच वळसे दिसतात पण खायला नाखूष, अन् जिथे चिखल उरतो तिथे चिखलात जाऊन बसते. सकाळी सात-साडेसातला, ऊन लागायच्या आत, थोडं काही होतं. पण मी म्हणेन मेमध्ये तिला राहू द्या. डबक्यात अडकलेली तेवढीच मृगात बांध्यांत चढून अंडी घालणार आहे. आमच्याकडं रोहिणी लागली की गळ-जाळं बंद करायचं का ह्यावर गावात दरवर्षी चर्चा होते, निर्णय काही होत नाही.

गरीवाले_काका
होनार बी नाई. उन्हाळ्यात मजुरी नसते, डबक्यातली मरळ सोडून मानूस खाईन काय? तुम्ही रविवारचे लोक, तुमाले सोडनं सोपं हाये.

वैनगंगा_काठ
काका ते खरं आहे, म्हणूनच निर्णय होत नाही म्हटलं. पोटासाठी धरणाऱ्याला मी कधी अडवलं नाही. रॉड घेऊन हौसेने येणाऱ्याने तरी मे-जून सोडावा.

मृगाची_सर
काकांना एक विचारायचं होतं, जिवंत बेडूक हल्ली मिळतात का तेवढे? आमच्याकडे बांध्यांत पूर्वीसारखे मोठे पिवळे बेडूक दिसत नाहीत. तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे म्हणून वाचले तरी फवारणीने गेले. धानातली कीड खाणारा तोच होता.

गरीवाले_काका
नाई मिळत ताई. पयल्या पान्याला रातभर वरडत, कान फुटत. आता दोन-चार. गांडूळ लावतो मी बी बहुतेक, झिंगा भेटला तं झिंगा.

नागपुरी_संत्री
म्हणजे थोडक्यात, ढगाळ असेल तर दिवसभर, ऊन असेल तर कमळाखाली, थंडीत दुपारी. वाऱ्याचं काय? आमच्याकडे मोठ्या धरणावर नेहमी वारा असतो.

टेक्सासचा_पवनीकर
हलकी लहर चांगलीच, उलट तिच्यामुळे माशाला लाइन अन् लुअर नीट दिसत नाही, फसतो. पण लाटा पांढऱ्या व्हायला लागल्या की पॉपर-बेडूक बंद, त्यांचा आवाज लाटांत मरतो. प्लॉपर नाहीतर बझबेट (पातं फिरवत आवाज करणारं लुअर) जोरात ओढा, अन् तेही नाही चाललं तर टॉपवॉटर ठेवून द्या, वारा आडणाऱ्या कोपऱ्यात जा. झडप येऊन हुकली तर लगेच परत तिथेच फेकण्याची घाई नको, जरा थांबून तीच जागा, आणि जमलं तर दुसऱ्या रॉडवर बिनवजनाचं मऊ प्लास्टिकचं किडं तयार ठेवायचं, वर हुकलेला मासा ते बुडताना घेतो.

एक सांगायचं राहिलं. कार्बनचा रॉड घेऊन विजेत उभे राहू नका. परतीचा पाऊस म्हणजे ढग छान, झडपा छान, पण भंडारा-गोंदियात त्याच दिवसांत बांधीत वीज पडून माणसं जातात हे मी इथे बसून दरवर्षी पेपरात वाचतो. गडगडलं की रॉड खाली ठेवा, पाळीवरून उतरा, झाडाखाली नको.

बोडीवाला
हो, ते आमच्या गावातही झालंय. ढगाळ म्हणजे गडगडाट नसलेलं ढगाळ, घरी तसंच सांगितलंय.

संध्याकाळी शिवडा मासा टॉपवॉटर घेतो का? नदीपात्रात मोठे आहेत म्हणतात. वैनगंगा घरापासून लांब नाही.

वैनगंगा_काठ
घेतो, पण अंधार पडल्यावर, अन् कडेकडेने बारकी मासळी उसळते तिथे. त्याच्या तोंडात हात घालू नका, दात मरळीपेक्षा वाईट, लाइनला पुढे तारेचा लीडर लावा. आणि रात्री नदीवर एकटं जायचं की नाही ते तुमच्या घरच्यांना विचारा, मी मधे पडत नाही 🙏 गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडतात तेव्हा पात्र बघता बघता वाढतं, तो वेगळाच धोका.

बोडीवाला
मग शिवडा राहू दे. बोडीतच बरा. पुढल्या रविवारी पाटाचं तोंड बघून येतो. अकोलेकर भाऊ, हूकला एका दिवसातच गंज दिसायला लागला, तो कसा घालवू?

पूर्णाकाठ_अकोला
ओला बेडूक डब्यात बंद केला असन. घरी आल्यावर पिळून काढा, तोंड खाली करून रातभर दोरीवर टांगा, सकाळी हूकवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोट फिरवा अन् पुसून टाका, तेलाचा वास राह्यला तं मरळ धरून सोडून देते. आता जो गंज आला तो बारीक पॉलिश पेपरनं घासा, टोक नखावर घासून पाहा, घसरलं तं कानस मारा. अन् उन्हात वाळवू नका, रबर चिकट होते, सगळे बेडूक एकामेकाले चिटकून बसतात.